अंधाराचा फोटू

दिवाळी अंकात अंधाराविषयी लिहायचे म्हणजे लग्नघरी जाऊन काडीमोडाच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे, असे आमच्या घरातले मत पडले. पण वाचकहो, पंचांग उघडून पाहा. आपण ज्या रात्री लक्ष्मीपूजन करतो ती रात्र अमावास्येची असते. पणतीला शोभा येते ती मागे काळोख असतो म्हणून. तेव्हा पणत्यांवर लिहिणाऱ्यांची या अंकात गर्दी असणार हे जाणून मी आपला पणतीच्या मागच्या जागेवर समाधान मानले आहे.

मला एक खोड आहे. दिवसा दिसणारी गोष्ट लोक फोटोत पकडतात; मी रात्री न दिसणारी पकडायला जातो. त्यासाठी दरवर्षी मार्गशीर्षात मी यवतमाळला ताईकडे जाऊन बसतो. यवतमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. पाऊस धुऊन गेलेला असतो, आभाळ कोरड्या पाटीसारखे स्वच्छ असते आणि पहाटे पारा दहाच्या खाली घसरतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातनंतर उगवतो. म्हणजे तेरा तासांची रात्र! संध्याकाळी सातला जो खरा काळोख पडतो तो पहाटे साडेपाचपर्यंत उठत नाही. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवे?

“झोप हवी,” असे भाऊजींचे उत्तर आहे. संध्याकाळी स्वेटर, माकडटोपी आणि तिवई घेऊन निघालेल्या मेहुण्याकडे ते ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने कोणी मला पोलिसांतही पाहू नये.

आता या रात्रीच्या फोटोचे शास्त्र थोडक्यात सांगतो. फार अवघड नाही. दिवसा कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या हिश्शापुरती उघडते. रात्री प्रकाश इतका थोडा की तीच झडप सेकंद, मिनिटे, कधी तासभर उघडी ठेवावी लागते. आपला डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणाक्षणाला नवे पाहतो आणि जुने सोडून देतो. फिल्म मात्र कंजूष वाण्यासारखी थेंब थेंब साठवत बसते. म्हणून डोळ्याला जे कधीच दिसत नाही ते फोटोत येते. पौर्णिमेच्या चांदण्यात आपल्याला सारे राखाडी दिसते, पण रंगीत फोटो पुरेसा वेळ घेतला तर त्यात आभाळ निळे, झाड हिरवे आणि वर चांदण्या असा चमत्कार निघतो. रंग तिथे असतातच. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना ते ओळखता येत नाहीत इतकेच.

अडचण अशी की तेवढ्या वेळात पृथ्वी स्वस्थ बसत नाही. ती तासाला पंधरा अंश फिरते. त्यामुळे झडप उघडी राहिली की तारे ठिपक्यांसारखे न येता रेघांसारखे येतात. ठिपके हवे असतील तर एक सोपा हिशेब आहे. पाचशेला भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचे. भिंग चोवीस मिलिमीटरचे असेल तर वीस-एकवीस सेकंद मिळतात. त्याहून जास्त वेळ घेतला की ताऱ्याला शेपूट फुटते. अलीकडचे मोबाईल तर आपणहून अनेक छोटे फोटो घेतात, एकावर एक चपखल बसवतात आणि तीन-चार सेकंदांत आपल्या हाती देतात. माझा भाचा ते करतो आणि मग राहिलेली रात्र गाडीत घोरत काढतो. मी मात्र अजून जुना, चावीचा, फिल्मचा कॅमेरा वापरतो. थंडीत त्याची बॅटरी उतरत नाही, कारण त्याला बॅटरीच नाही.

हिवाळ्याच्या रात्रीच्या फोटोंचे खरे माहेर म्हणजे नॉर्वेसारखे उत्तरेकडचे देश. तिथल्या ट्रॉम्सो गावी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथली मंडळी त्या दिवसांत हिरव्या ध्रुवीय प्रकाशाचे असे फोटो काढतात की पाहणाऱ्याने वेडे व्हावे. मला पूर्वी त्यांचा हेवा वाटे. मग एकदा लक्षात आले की आपल्याकडेही एक ठेवा आहे. तिथे ध्रुवतारा जवळजवळ डोक्यावर असतो. यवतमाळला तो क्षितिजापासून वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका वर. पण म्हणूनच मध्यरात्रीनंतर पाठ फिरवली की दक्षिणेला, तितक्याच खाली, अगस्ती चमकत असतो. ट्रॉम्सोच्या माणसाला अगस्ती जन्मात दिसत नाही. यवतमाळच्या बांधावर उभे राहून समोर ध्रुव आणि पाठीशी अगस्ती, मधे डोक्यावर मृग आणि व्याध, अशी रात्र फुकट मिळते.

एका बाबतीत मात्र नॉर्वेवाले आपल्या पुढे आहेत. त्यांच्याकडे बर्फ असतो. ताऱ्यांच्या एवढ्याशा उजेडातही पांढरी जमीन दिसते. आपली जमीन म्हणजे वऱ्हाडची काळी, कापसाची. ती पाणी धरून ठेवते तसा उजेडही गिळून बसते. वर आभाळ कितीही सुंदर येवो, खाली फोटोत डांबर ओतल्यासारखा पट्टा येतो. पऱ्हाटीवर फुटलेली बोंडे असली तर चांदण्यात तेवढे पांढरे ठिपके उठतात. अमावास्येला तेही नाहीत. या काळ्या पट्ट्याने मला कित्येक वर्षे छळले. आणि तो ज्या रात्री गेला त्या रात्रीची गोष्ट मला आज सांगायची आहे.

22 डिसेंबर 2022. वर्षातल्या सर्वांत लांब रात्रींपैकी एक, आणि संध्याकाळीच अमावास्या लागलेली. असा योग पुन्हा लवकर यायचा नाही म्हणून मी दुपारपासून तयारीत होतो. पण तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार निघाला. ताईच्या घरी उद्यापन. पुरणपोळी पोटात गेल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा हुकूम सुटला. त्यामुळे कळंबवरून राळेगावच्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजून गेले.

राळेगाव म्हटले की ज्यांना वर्तमानपत्रे आठवतात त्यांच्या पोटात गोळा येईल. याच भागात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली टी-वन वाघीण, जिला काही लोक अवनी म्हणत, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री मारली गेली. दिवाळी अगदी तोंडावर आली होती. त्या दोन वर्षांत इथली गावे दिवेलागणीला दारे लावून घेत. वाघीण गेली, पण जंगल जिथे होते तिथेच आहे. म्हणून मी जंगलाच्या वाटेला जात नाही. ओळखीच्या शेतमालकाला विचारून त्याच्या बांधावर उभा राहतो आणि गाडी जवळ ठेवतो. त्या रात्रीचे शेत भाऊजींच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे होते. मी त्यांना फोन केला होता, पाहिले मात्र नव्हते.

उत्तरेकडे तोंड करून तिवई लावली. ध्रुव समोर, ईशान्येला सप्तर्षी डोके वर काढत होते आणि वायव्येला शर्मिष्ठा उतरणीला लागली होती. खाली गव्हाचे शेत आणि पलीकडे नाला. तेवढ्यात एक उजेड हलत हलत बांधावर आला. कपाळाला बॅटरी बांधलेली, खांद्यावर फावडे, पायात रबरी बूट आणि अंगावर दोन शर्ट. हेच ते शेताचे मालक.

“काय करून राह्यले काकाजी?”

“फोटो काढतोय दादा. भाऊजींनी सांगितलं असेल तुम्हाला.”

“सांगतलं नं. पण मले वाटलं सकाळी काढान. कायचा फोटू?”

“या शेताचा, आभाळाचा. या रात्रीचा म्हणा ना.”

ते क्षणभर माझ्याकडे, मग कॅमेऱ्याकडे, मग अंधाराकडे पाहत राहिले. “म्हंजे अंधाराचा फोटू? बाप्पा! अन् त्यात दिसंल काय?”

या प्रश्नाला मी गेली वीस वर्षे उत्तर शोधतो आहे. ते न सापडल्यामुळे मी त्यांना पॅरिसची गोष्ट सांगितली. 1930 च्या सुमारास ब्रासाय नावाचा छायाचित्रकार पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री फोटो काढीत हिंडे. तो घड्याळ पाहत नसे म्हणतात. झडप उघडायची आणि सिगारेट शिलगवायची. सिगारेट संपली की फोटो झाला. जास्त अंधार असेल तेव्हा जास्त वेळ जळणारी जाड सिगारेट!

गृहस्थ मनापासून हसले. “आपल्या कामाचं नाई मंग हे. बिडी सोडून मले तीन वर्सं झाले.” आणि घड्याळ पाहून म्हणाले, “चाला. लाईन आली असंल. गव्हाले पाणी द्या लागते.”

शहरातल्या वाचकांसाठी हे ‘लाईन’ प्रकरण सांगायला हवे. शेतातल्या मोटारीला लागते ती तीन फेजची वीज. ती चोवीस तास नसते, पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी आली की हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचे ओलीत करायला माणसाने रात्रीच शेतात जायचे. विहिरीवर मोटार सुरू करायची, पाटाने पाणी आणायचे, एक वाफा भरला की तो बंद करून फावड्याने पुढचा फोडायचा. हे पहाटेपर्यंत. पायाखाली चिखल, पाण्याच्या ओलीला येणारे साप, पिकात घुसणारी रानडुकरे आणि रोही. आणि गारठा. आम्ही ज्या थंडीचे कौतुक करायला पुण्या-मुंबईहून जातो, तीच.

ते शेतात उतरले आणि साडेबाराला मी झडप उघडली. चाळीस मिनिटांचा बेत होता. तेवढ्या वेळात तारे ध्रुवाभोवती बरोबर दहा अंश फिरतात आणि छान कमानी उमटतात. पण दोन-तीन मिनिटांतच माझ्या ध्यानात आले की कपाळावरची ती बॅटरी माझ्या फोटोच्या मधोमध हिंडते आहे. झाले! एवढी पुरणपोळी खाऊन, एवढी थंडी सोसून मिळवलेल्या अमावास्येवर या माणसाने उजेड ओतला होता. शेत त्यांचे, पीक त्यांचे, मी काय बोलणार? मुकाट्याने बसलो. उजेड थोडा चाले, थांबे, पुन्हा चाले. मी घड्याळ पाही. मग एका ठिकाणी, नाल्याच्या अंगाला, तो थांबला तो हलेचना. पाच मिनिटे झाली, सात झाली. मला आठवते, मी चांगले ऐकू येईल इतक्या मोठ्याने पुटपुटलो, “अरे, आता हलशील की नाही, बाबा?” भाचा गाडीत कूस बदलून पुन्हा झोपला. काही वेळाने उजेड हलला. ठरल्याप्रमाणे झडप बंद करून मी तिवई आवरली. फोटो बिघडला अशी माझी खात्री होती.

घरी परत आल्यावर मी न्हाणीघराची काळी कोठडी केली. फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली आणि तिथेच स्टुलावर बसलो. काळा पट्टा गेला होता! वर ताऱ्यांच्या कमानी, एकाच केंद्राभोवती, शिस्तीत आखलेल्या. आणि खाली सबंध शेत उजळलेले. वाफ्यांच्या ओळी, गव्हाची बोटभर पाती, पाटातले पाणी, सगळे त्या एका बॅटरीने दाखवले होते. शेतभर एक वेडीवाकडी रेघ गेली होती. माणूस जिथे चालला तिथे रेघ बारीक, जिथे थांबून वाफा फोडला तिथे तिला गाठ पडलेली. माणूस स्वतः कुठेच नव्हता. तो एका जागी फिल्मवर उमटण्याइतका कधी उजळलाच नाही. फक्त त्याचे चालणे आले होते. अशा अकरा लहान गाठी मी मोजल्या. आणि नाल्याजवळ एक मोठी गाठ, बाकीच्यांच्या तिपटी-चौपटीने.

वीस वर्षांतला माझा तो सर्वांत चांगला फोटो. त्याचे श्रेय माझे नव्हते, तेव्हा त्याची मोठी प्रत काढून फेब्रुवारीत मी ती स्वतः द्यायला गेलो.

ओसरीवर सगळे घर जमले. दादांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. “हे मी चाललो?” असे दोनदा विचारले आणि रेघेवर बोट ठेवून एकेक वाफा ओळखू लागले. मुले खूश. त्यांच्या पत्नी मागे उभ्या होत्या. त्यांनी हात पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “किती अंधार असते हो तुमच्याभवती.” मी त्या ज्याला आभाळ म्हणत होतो, त्याला त्या दुसऱ्या नावाने पाहत होत्या. नवरा रात्री पाण्यावर जातो हे त्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होते; जातो म्हणजे कुठे जातो, ते त्यांनी आज प्रथमच पाहिले.

त्यांचे बोट रेघेवरून चालत नाल्याशी आले. “अन् हे गाठोडं कायचं?”

“थे? तिथं बिडी पेत बसलो होतो,” दादा पटकन म्हणाले.

“बिडी सोडून तीन वर्सं झाले नं तुमाले.”

ओसरीवर कोणी हसले नाही. दादा फोटोकडेच पाहत म्हणाले, “नाल्यातून आवाज आला होता. पहिले वाटलं डुकरं असतीन. पण डुकरं आवाज करतच राह्यतेत. हे एकदम चुप झालं. मंग मी बी चुप झालो. बॅटरी तिकडंच धरली अन् उभा राह्यलो.”

“काय होतं?”

“काय मालूम. सकाळी पाहाले गेलोच नाई.”

“मले सांगितलं नाई तुमी.”

“सांगून काय होते? लाईन त बारालेच येते.”

मी चहाच्या कपात पाहत बसलो. तो माणूस तिथे श्वास धरून उभा होता, त्याच सात मिनिटांत मी दोनशे पावलांवर बसून, तो हलत नाही म्हणून चरफडत होतो. त्याची भीती माझ्या फिल्मवर टिपली गेली, आणि ती मला शोभेची गाठ वाटली. हे मी त्या ओसरीवर कबूल केले नाही. आज इथे करतो आहे.

तेव्हापासून मी अंधाराविषयी जपून बोलतो. आम्ही हौशी मंडळी तक्रार करतो की शहरांच्या दिव्यांनी रात्र नासली, वणीकडे खाणींचा उजेड आभाळाला चाटतो, तारे दिसेनासे झाले. तक्रार खोटी नाही. पण अंधार दोन प्रकारचा असतो. एक आभाळातला, तो राखावा असा. दुसरा माणसाच्या पायाखालचा, तो घालवावा असा. दोन्हींत भांडण असलेच पाहिजे असेही नाही. आमच्याच विदर्भात, नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत. शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे बसवले. वाट उजळली आणि तारेही राहिले. आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. 2023 साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. सूर्यावर चालणारी वीज आपोआप दिवसाची होते, हा साधा हिशेब. रात्रीच्या ओलिताला याहून चांगला उपाय मला सुचत नाही.

निघताना मी विचारले, फोटो भिंतीवर लावणार का? दादा पत्नीकडे पाहू लागले. त्यांनी तो घड्याळाशेजारच्या कोनाड्यात पालथा ठेवला आणि मला म्हणाल्या, “एक दिवसाचा बी काढा नं काकाजी. सगळ्याइचा.” तेव्हा मी सगळ्यांना ओसरीसमोर, भर उन्हात, ओळीने उभे केले आणि सेकंदाच्या सव्वाशेव्या हिश्शात फोटो काढला. तो मात्र भिंतीवर लागला आहे, असे भाऊजी सांगतात.

यंदाही मार्गशीर्षात जाणार आहे. आधी दादांना फोन करीन आणि पाळी दिवसाची आहे की रात्रीची ते विचारीन. रात्रीची असली तर भाच्याला गाडीत झोपू देणार नाही. दोघेही बॅटरी घेऊन नाल्याच्या अंगाला उभे राहू. दिवसाची असली तर दादा घरी झोपलेले असतील, मी एकटा बांधावर बसेन, आणि फोटोत खाली पुन्हा तोच काळा पट्टा येईल. येऊ दे.